आधी विसावा, मग मक्ता

७ ऑगस्ट १९९६

हमादी,

तुला सलाम, सूनबाईलाही सलाम. खुशाली पुढच्या पत्रात विचारीन, आज माझं डोकं ठिकाणावर नाही. अनीस, तूच वाचून दाखवतोयस ना बापाला? मग मोठ्यानं वाच, आणि आत्याच्या शिव्या गाळू नकोस.

काल मच्छीमार संघाची सभा झाली, आणि गावासमोरचा समुद्राचा उथळ पट्टा मक्त्यानं गेला. पाच वर्षांसाठी, तुमच्या स्फाक्स शहरातल्या त्या बड्या मासळीवाल्याला, हाज मुन्सिफला. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की तो तिथं प्लास्टिकचे डबे टाकणार. शेकड्यांनी नाही रे, हजारांनी. ऑक्टोपस डब्यात शिरला की संपला, लहान काय आणि पोटुशी काय. त्याच्या इंजिनाच्या होड्यांना वाट लागणार, ती वाट जाणार आपल्या अब्बांच्या कुंपणातून, मासे अडवायच्या त्या झावळ्यांच्या रांगांतून. आजोबांनी ज्या जागी पहिली झावळी रोवली तिथून. तौहामीनं नकाशावर बोट ठेवून सांगितलं की तेवढं कुंपण काढावं लागेल.

तुला वाटेल गावानं संगनमत केलं. तसं काही नाही, म्हणून तर अंगाचा तिळपापड होतोय. तीन सूचना होत्या. एक आपली, कुंपणवाल्यांची: पट्ट्याला वर्षभर विसावा द्यावा, कुणीच काही टाकू नये. दुसरी मडकीवाल्यांची: ऑक्टोपस धरायला फक्त मातीची मडकी, पूर्वीसारखी मोजकी, ज्याची त्यानं टाकावी. तिसरी मक्त्याची. स्पंजाच्या जुन्या गोदामात सगळे बसले होते, आम्ही बायका डाव्या भिंतीशी. तौहामी आता अध्यक्ष आहे ना, पांढरा सदरा घालून आला होता आणि गोड बोलत होता. म्हणाला, एकेक घेऊ, घाई नको. आधी विसावा की मडकी, त्याला हात वर करायला सांगितले. विसावा जिंकला. मी शेजारणीला मिठी मारली. मग म्हणाला, आता विसावा की मक्ता. आणि बघता बघता मक्ता जिंकला.

कुणी हात मोजताना लबाडी केली नाही, मी स्वतः मोजले. कुणी पैसे वाटले नाहीत. प्रत्येकानं मनापासून हात वर केला, आणि ज्याची गावाला सगळ्यात जास्त चीड तेच गावानं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तू इथं बेटावर असतास तर विसाव्याला आणखी एक हात पडला असता. अब्बांनी कुंपण दोघांच्या नावावर केलं तेव्हा मत दोघांना मिळालं. माझं मी वापरलं. तुझ्या मताचं काय झालं?

मबरूका

*

१५ ऑगस्ट

लल्ला,

सलाम. तुझं पत्र अनीसनं वाचलं. शिव्या गाळल्या नाहीत, उलट मजेत वाचल्या. जवळचं मला अजूनही दिसत नाही, लांबचं मात्र घारीसारखं दिसतं. डॉक्टर म्हणतो हिवाळ्यात डोळ्याचं करू.

थोरली म्हणून तुला लल्ला म्हणतो, तरी रागावू नकोस, एक सांगू का? हात तूच वर केलास ना? सगळ्यांनी आपापल्या मनानं केला, असं तूच लिहिलंयस. मग आता आदळआपट कशाला? बहुमत म्हणजे बहुमत. तिकिटाच्या खिडकीमागं मी एवढी वर्षं बसलो, तिथं एक शिकलो. बोट सुटल्यावर धक्क्यावर उभं राहून ओरडलं तर बोट परत येत नाही.

आणि तौहामी काही राक्षस नाही. त्याच्या लग्नात तूच गायली होतीस.

इकडं एक बरी बातमी आहे. अनीसला काम लागलं. दोन वर्षं पोरगा कॉफीच्या दुकानात भिंतीला टेकून बसायचा, आता बर्फाच्या गोदामात जातो. पहाटे उठतो, हात गारठतात, पण चेहरा बदललाय. सून परवा म्हणाली की घरात पुन्हा मासळी शिजतेय असं वाटतं.

माझ्या मताचं विचारलंस. जाऊ दे ना ते. एका हातानं काय झालं असतं?

वाळवलेला ऑक्टोपस उरला असेल तर बोटीवरच्या कुणाकडं दे. जवाच्या कण्यांचं सार इथं कुणाला जमत नाही.

हमादी

*

२४ ऑगस्ट

हमादी,

ऑक्टोपस पाठवलाय. दोन हात लांबीचा एकच उरला होता. पुढच्या वर्षी तोही नसेल, म्हणून चावून खा.

“हात तूच वर केलास ना” हे वाक्य मला तीन रात्री झोपू देईना. मग मी उठले आणि दारोदार फिरले. हातात विणकाम घेतलं, म्हणजे कुणी विचारलं तर टाके शिकवायला आले म्हणून सांगता येतं. आणि प्रत्येकाला एकच विचारलं: समोर फक्त मडकी आणि मक्ता असते, तर हात कुठं वर केला असतास?

कुंपणवाले म्हणाले, मडकी. विसावा नाही तर निदान मडकी, मडकं कुंपण तोडत नाही. मडकीवाले तर मडकीच म्हणणार. म्हणजे गावातली बहुतेक सगळी घरं मक्त्याच्या विरुद्ध आहेत, हमादी. उरली ती बिनहोडीची पोरं. त्यांना मक्ता हवा, डबे ओढायचं काम तरी मिळेल म्हणून. त्यांचा मला राग नाही.

पण हा प्रश्न सभेत कुणी विचारलाच नाही. तौहामीनं आधी विसावा आणि मडकी यांची झुंज लावली. तिथं ती पोरं आपल्या बाजूला आली, कारण त्यांना मडकीवाल्यांचं भलं बघवत नाही. आम्हाला नाही तर कुणालाच नाही. मडकी बाद झाली. मग विसाव्यापुढं मक्ता उभा केला. आता मडकीवाल्यानं काय करावं? वर्षभर चूल विझवण्यापेक्षा मक्त्याच्या पैशातला वाटा बरा, म्हणून तो तिकडं गेला. तेच आधी मक्ता आणि मडकी लढवली असती तर मक्ता तिथल्या तिथं मेला असता. आमचे हात खरे होते, पण कोणत्या हातांची गाठ आधी कुणाशी घालायची हे त्या पांढऱ्या सदऱ्यानं घरूनच ठरवून आणलं होतं. त्याला कुणाला विकत घ्यायची गरजच पडली नाही. आपल्याच खरेपणाचा त्यानं दोर वळला आणि आपल्यालाच बांधलं.

मी त्याच्या घरी गेले. म्हटलं, क्रम बदलून पुन्हा सभा घे. त्यानं चहात बदाम घातले आणि म्हणाला, “लल्ला मबरूका, क्रम ठरवणं हा अध्यक्षाचा हक्क आहे. मी कुणाचा हात धरला का?” मी चहा तसाच ठेवून उठले.

फेरसभेसाठी सह्या मी गोळा केल्यात. नियमच आहे, त्याला ती ठेवावी लागली. २० सप्टेंबर, जुम्म्याच्या नमाजानंतर. क्रम मात्र तो तोच ठेवणार, तसं त्यानं मशिदीच्या दारावर लावलंय.

आता तुझ्याकडं येते. सह्या गोळा करताना संघाच्या कारकुनानं सांगितलं की बाहेरगावच्या सभासदांचे कागद तौहामीच्या खिशात असतात, त्यांच्या वतीनं तो मत देतो. त्यात एक सही तुझी आहे. खरं का? आणि ते बर्फाचं गोदाम कुणाचं? अनीस, हे वाक्य दोनदा वाच.

मबरूका

*

३१ ऑगस्ट

लल्ला,

खरं आहे. हे मी अनीसकडून नाही, पलीकडच्या दुकानदाराकडून लिहून घेतोय. जुलैच्या अखेरीस तौहामी इथं आला होता. मिठाईचा डबा घेऊन आला, म्हणाला की म्हातारपणी तुम्ही कशाला बोटीचा त्रास घेता, सही करा, मी बघून घेतो. मी केली. गोदाम हाज मुन्सिफचं आहे. अनीसला ते काम पुढच्याच आठवड्यात लागलं. दोन्हीचा संबंध मी लावला नाही. लावला नाही म्हणजे लावायचा नव्हता, असं म्हण हवं तर.

तुला बोलायला काय जातं? तुला पोर नाही. घरात तिशीचा मुलगा सकाळी अकराला उठतो, बायकोसमोर खाली मान घालून जेवतो, आणि बापाला सिगारेटला पैसे मागायची लाज वाटते म्हणून बापाच्या खिशातून घेतो. हे बघितलंस का कधी? बापाला कळतं आणि तो झोपेचं सोंग घेतो. आणि मग एक दिवस त्याला काम लागतं. आता मी काय सांगू त्याला, आत्याच्या झावळ्यांसाठी सोड म्हणून?

तुझा तो पहिल्यांदा कोण आणि दुसऱ्यांदा कोण हा हिशोब मी अर्ध्यातच थांबवला. अनीसही वाचताना अडखळत होता. मला एवढंच कळतं की तुला विसावा हवा, तौहामीला मक्ता. अब्बांनाही विसावाच हवा असायचा, ते दर काही वर्षांनी कुणाला न विचारता द्यायचे. ते मी विसरलो नाही.

मला सभेत सगळ्यांसमोर उभं करू नकोस. तेवढं बहीण म्हणून ऐक.

हमादी

*

८ सप्टेंबर

हमादी,

येऊ नकोस.

रागानं लिहीत नाही, विचार करून लिहितेय. माझी पत्रं अनीस वाचतो आणि अनीसचं पोट कुठं भरतं ते आता मला कळलं. त्याचं वाईट होवो असं मला वाटत नाही. पण यापुढं इथं काय चाललंय ते मी पत्रात लिहिणार नाही.

एक मात्र सांगते, ते गावात सगळ्यांना माहीत आहे. फेरसभेला कागद चालणार नाहीत, जो हजर त्याचाच हात. नियमाच्या वहीत ते होतं, मी कारकुनाला वाचायला लावलं आणि तौहामीचं तोंड एवढंसं झालं. तुझ्या सहीच्या कागदात आता त्यानं चणे बांधावेत.

तू स्फाक्सलाच राहा. डोळ्याची काळजी घे.

आणि पोर नाही हे मला ठाऊक आहे. तू आठवण करून द्यायची गरज नव्हती.

मबरूका

*

२१ सप्टेंबर

मबरूका,

हे मी माझ्या हातानं लिहितोय. ओळी वाकड्या आहेत, अक्षरं मला दिसत नाहीत, पण आज मला दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं नाही.

काल मी सभेला, स्पंजाच्या गोदामात होतो. तुला माहीत नसेल. दुपारची नमाज बोटीतच पढलो, धक्क्यावरून चालत आलो आणि मागं दाराशी उभा राहिलो.

तुझं “येऊ नकोस” अनीसनं वाचलं आणि कागदाची घडी घातली. मग म्हणाला, “बाबा, आत्या माझ्यामुळं तुम्हाला घरी बसवतेय.” दुसऱ्या दिवशी त्यानं बर्फाच्या गोदामाची किल्ली हाज मुन्सिफच्या टेबलावर ठेवली. मी सांगितलं नव्हतं. त्याचा तो गेला आणि परत येऊन भिंतीला टेकून बसला. तेव्हा मी ठरवलं की आता जायचं. पोरानं घास सोडला, तर बापानं निदान हात वर करावा. तुला कळवलं नाही, म्हटलं बघेल तेव्हा बघेल. वाटेत मी काय काय मनात आणलं ते सांगायची आता लाज वाटते. मला वाटलं, तू वळून बघशील.

तौहामीनं विचारलं, विसाव्याला कोण? मी पहिल्यांदा तुझ्याकडं बघितलं. पहिल्या रांगेत होतीस, भिंतीशी. तुझे हात मांडीवर होते. म्हटलं ऐकू आलं नसेल. मग आजूबाजूला बघितलं. कुंपणवाले, अब्बांच्या बरोबरीच्या माणसांची मुलं, सगळे खाली बघत बसलेले. बाबा खलीफा तर कुठं दिसलेच नाहीत. चाळीस वर्षं विसाव्यासाठी भांडलेला माणूस. त्यांनाही तूच घरी बसवलंस का?

मी हात वर केला. खांद्यातून कळ आली तरी खाली घेतला नाही.

मग त्यानं विचारलं, मडक्यांना कोण? आणि मबरूका, तू हात वर केलास. माझ्या डोळ्यांनी बघितलं, लांबचं मला दिसतं. सगळ्यात आधी तू केलास आणि तुझं बघून बाकीच्यांनी केले. कुणी काय दिलं तुला? मडकीवाल्यांनी वाटा कबूल केला का? मला सहीवरून बोललीस, माझ्या पोराच्या पोटावरून बोललीस, आणि स्वतः अब्बांचा शब्द भर सभेत विकलास. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

पण तुझं चाललं नाही. दोन्हीकडं सारखे हात झाले, आणि मग अध्यक्षाचं मत. तौहामीनं मान वर करून थेट माझ्याकडं बघितलं, हसला, आणि विसाव्याला हात वर केला. ज्याला तू लबाड म्हणत होतीस त्यानं. मला बघून त्याला लाज वाटली असेल. लाज थोडी त्याच्यात तरी उरली, तुझ्यात उरली नाही. विसावा जिंकला, टाळ्या पडल्या, अध्यक्षच विसाव्याचा झाला तर मक्त्याची फेरी नावापुरतीच उरली असं मी धरलं, आणि शेवटची बोट चुकू नये म्हणून निघालो. तुला भेटायची इच्छाच झाली नाही.

अनीस घरी बसलाय. त्याला मी सांगितलं की आपण जिंकलो.

हमादी

*

२६ सप्टेंबर

हमादी,

तुझं पत्र मी चौकटीत उभी राहून वाचलं, मग आत येऊन खाली बसून वाचलं.

अनीस, हे तूच वाचत असशील तर आधी तुला. मी तुझ्याबद्दल वाईट विचार केला. तुझ्या हाती पडेल म्हणून मी एक गोष्ट बापापासून लपवली, आणि तू त्याच वेळी किल्ली ठेवून येत होतास. मला तोंड दाखवायला जागा नाही. आता पुढचं सगळं वाच, अर्ध्यात थांबू नकोस, आणि बापानं थांबवलं तरी थांबू नकोस.

हमादी, विसावा पहिल्या फेरीत जिंकला. तू दाराबाहेर पडलास आणि दुसरी फेरी सुरू झाली. विसावा की मक्ता. मडकीवाले मक्त्याकडं गेले, पोरं मक्त्याकडं गेली. आमचे हात तेवढेच राहिले. मक्ता जिंकला. ऑगस्टमध्ये झालं होतं तस्संच झालं, मी तुला लिहिलेलं जसंच्या तसं, ज्या ठिकाणी तू अनीसला थांबवलंस अगदी तिथलं.

क्रम बदलता येत नव्हता. मग एकच वाट होती. पहिल्या फेरीत आपण, विसावा मागणाऱ्यांनीच, विसाव्याला पाडायचं आणि मडकी जिंकवायची. मग दुसऱ्या फेरीत मक्त्यासमोर मडकी आली असती आणि मक्ता मेला असता. मी घरोघर जाऊन हे सांगितलं, कुणाकुणाच्या पाया पडले. लोकांना पटत होतं पण हात उचलत नव्हता. सगळ्यांसमोर आपल्याच बोलण्याविरुद्ध हात वर करायचा, उद्या कॉफीच्या दुकानात कोण काय म्हणेल. बाबा खलीफा रडले. म्हणाले, पोरी, विसाव्याविरुद्ध माझा हात नाही उठणार, पण जुम्म्याला मी आजारी पडू शकतो. ते चादर घेऊन पडून राहिले. बाकीचे म्हणाले, तू सगळ्यात मोठ्यानं विसावा विसावा ओरडायचीस, आधी तू हात वर कर, मग आम्ही करतो. म्हणून मी सगळ्यात आधी केला. माझा हात किती जड झाला होता ते माझं मला ठाऊक. डोळे मिटून केला, म्हणून मागं वळून बघितलं नाही.

पोरांचे हात विसाव्याला गेले, काही कुंपणवाल्यांचे खालीच राहिले, तरी हिशोब बरोबर जमला होता. मडकी एका हातानं पुढं राहिली असती. तौहामीचं मत लागणारच नव्हतं. पण विसाव्याच्या हातांत दाराशी वर झालेला तुझा एक हात जास्त निघाला.

तो तुला बघून हसला ना? त्याला विसावा नको होता, त्याला मक्ता हवा होता, आणि मक्त्याला जिंकायला समोर विसावाच हवा होता. म्हणून त्यानं विसाव्याला हात दिला. लाज कसली आणि काय कसलं.

मी तुला सांगितलं असतं तर तू माझ्याबरोबर हात वर केला असतास. मी सांगितलं नाही, कारण मला वाटलं तू त्यांचा झालास. तू येतोयस हे मला कळवलं असतंस तर मी धक्क्यावर तुझी वाट बघत उभी राहिले असते. तू कळवलं नाहीस. आपण दोघांनीही एकमेकांचं भलंच केलं, आणि त्या पांढऱ्या सदऱ्याला बसल्या जागी पट्टा मिळाला. माझं रक्त उकळतंय, आणि कुणावर ओतू ते कळत नाही. तुझ्यावर ओतता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तू अब्बांच्या शब्दासाठी उभा राहिलास.

आज सकाळी ट्रक आला. काळे डबे धक्क्यावर उतरवतायत, डोंगर झालाय. कुंपण काढायला माणसं सोमवारी येणार. तुम्ही तिघंही रविवारच्या बोटीनं या. झावळ्या आपण आपल्या हातानं काढू, त्यांना हात लावू देणार नाही.

आणि एक तू ऐकायलाच हवंस, म्हणून लिहिते. सभा संपताना तौहामी सगळ्यांसमोर म्हणाला, “हमादीसारखा सच्चा माणूस गावात हवा. स्फाक्सहून आला आणि मनात होतं तिथंच हात वर केला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या सहीचा कागद बाद व्हावा म्हणून मी दोन आठवडे भांडले होते, हमादी. कागद आला नाही, तू आलास. आणि त्या कागदानं तौहामीनं जे केलं असतं, तेच तू स्वतःच्या हातानं केलंस.

मबरूका